मार्सेलाबाईंच्या शिव्या विल्नाला छापल्या

मार्सेलाबाई गोठ्यातलं शेण काढतानासुद्धा हातमोजे घालत. मोजे जुने, बोटं बाहेर आलेली, पण मोजे ते मोजेच. झाबालोत्ये वाडीत राहणारे सगळेच उमराव. कुठल्याशा राजाने कुठल्याशा लढाईनंतर त्यांच्या खापरपणजोबांना उमराव करून टाकलं होतं. तेव्हापासून जमीन आटत गेली, छपरं गळायला लागली, उमरावपणा मात्र तसूभर कमी झाला नाही. पलीकडच्या गावचे शेतकरी राई, म्हणजे तिकडचं गव्हासारखं धान्य, कापायचे, हेही राईच कापायचे. ते कोबीचं सूप ओरपायचे, हेही तेच ओरपायचे. पण हे हातमोजे घालून कापायचे आणि चारचौघांत पोलिश बोलायचे, एवढाच काय तो फरक.

चारचौघांत हं. दार लावलं की पोलिश खुंटीला आणि शेतकऱ्यांची बोली जिभेवर. तिला ते नाक मुरडून 'साधी' म्हणत. पोरं निजवायची, नवऱ्याशी भांडायचं, डुकराला हाकलायचं, सगळं साधीत. पोलिश ऐकून गाय पान्हा सोडत नाही, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण? एखादा शेतकरी दारात आला की हीच माणसं कपाळाला आठ्या घालून म्हणत, "आपण काय बोललात ते समजलं नाही."

मार्सेलाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा विंत्सुस विल्ना शहरात वकिलाकडे कारकून होता. मुलगी स्तेफ्का घरी होती, आणि तिचं लग्न जमत आलं होतं. तेही खामिन्स्कींकडे. खामिन्स्की म्हणजे वाडीतले बडे लोक. पत्र्याचं छप्पर, घोडागाडी, भिंतीवर घराण्याचं मानचिन्ह. त्यांचा गेनुस स्तेफ्काला मनापासून आवडायचा आणि स्तेफ्का त्याला. अडचण गेनुसच्या बापाची होती. हिलारीसाहेबांना सून हवी होती ती निर्मळ उमराव घरातली, जिच्या घरात साधीचा शब्दही कधी उच्चारला गेला नाही अशी. म्हणजे अशी की जी अख्ख्या वाडीत सापडणं शक्य नव्हतं. पण सोंग चोख वठवलं की काम होणार होतं, आणि सोंगात मार्सेलाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर पाहुणे यायचे होते. गुरुवारी विंत्सुस आला, आणि त्याने आईच्या हातात एक पातळसं पुस्तक ठेवलं.

"हे काय आहे?" बाईंनी पोलिशमध्ये विचारलं.

"पुस्तक. मी लिहिलंय. कविता आहेत."

बाईंची छाती फुगली. मग त्यांनी पहिलं पान उघडलं आणि फुगलेली छाती तशीच राहिली, कारण आतला श्वास बाहेर पडेना.

*लांडगा नेवो तुला क्रासुल्ये, पर दूध देऊन झाल्यावर.*
*ईज पडो तुझ्या शिंगावर, पर शेजाऱ्याच्या रानात गेल्यावर.*

"मुडद्या," बाई म्हणाल्या, आणि आता त्या पोलिश अजिबात बोलत नव्हत्या, "हे तर म्या गोठ्यात बोलते."

"म्हणूनच तर छापलं. इतकं झकास दुसरं कुणी बोलतच नाही."

"लोकं काय म्हणतील?"

"तुझं नाव कुठं घातलंय, आई?"

"गाईचं घातलंस की. क्रासुल्या कुणाची हाय ते शेंबड्या पोरालाबी ठाव हाय."

विंत्सुस समजावत बसला. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत या बोलीत छापायला बंदी होती, आता झारच्या सरकारने हात सैल सोडलाय. विल्नात त्याच्यासारखी दहा-बारा पोरं एका बेकरीच्या माडीवर जमतात. आपल्या लोकांचं साहित्य मेलेलं नाही, ते आयाबायांच्या तोंडात झोपलंय, त्याला जागं करायचं असं त्यांनी ठरवलंय.

"झोपलंय तर झोपू दे," बाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत तरी. तुझ्या बहिणीचं लग्न मोडलं तर तुला उभा चिरीन आणि मग त्याचीबी कविता कर." दोन पानांपुढे त्यांनी वाचलंच नाही. पुस्तक त्यांनी आंबवायला ठेवलेल्या कोबीच्या पिंपावरच्या दगडाखाली दाबून टाकलं आणि विंत्सुसला सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवण्याची शपथ घातली.

रविवारी पाहुणे आले. हिलारीसाहेब, लाजून लाल झालेला गेनुस, आणि हिलारींची थोरली बहीण तेओफिला, जिला अख्खी वाडी आत्या म्हणायची. हिलारींनी रिवाजाप्रमाणे वोडकाची बाटली टेबलावर ठेवली. ती सगळ्यांनी मिळून संपवायची, आणि मग मुलीच्या आईने रिकाम्या बाटलीत राईचे दाणे भरून ती परत करायची. तशी परत गेली की ठरलं. पाहुण्यांनीच बाटली उचलून खिशात घातली, की संपलं.

"आपण आसनस्थ व्हावे," मार्सेलाबाई म्हणाल्या. हातात मोजे होते, नवे.

"आपले आतिथ्य अत्यंत हृद्य आहे," हिलारी म्हणाले आणि त्यांनी बटाट्याच्या धिरड्यांवर आडवा हात मारला. आत्याने सॉसेजचा फडशा पाडला. दोन पेले झाले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. स्तेफ्का दारापाशी उभी राहून बाटलीतली पातळी बघत होती. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मार्सेलाबाईंना भीती वाटायला लागली.

आणि मग हिलारींनी कोटाच्या आतल्या खिशातून तेच पातळ पुस्तक काढलं.

"बाजारात मिळालं. कव्हरावर झाबालोत्येचा विंत्सुस असं छापलंय," ते म्हणाले. "मी विचार केला, मजकूर सर्वांसमक्ष वाचावा. अक्षरे पोलिश आहेत, तेवढी मला वाचता येतात. भाषा अर्थातच मला समजत नाही."

"आम्हालाही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. विंत्सुसकडे त्यांनी असं बघितलं की तो बाकावरच इंचभर खचला.

"मलाही नाही," आत्या म्हणाली.

हिलारींनी चष्मा चढवला आणि गाईची कविता काढली. एकेक ओळ वाचायची आणि मग पोलिशमध्ये खिल्ली उडवायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी वाचलं, "लांडगा नेवो तुला क्रासुल्ये, पर दूध देऊन झाल्यावर."

आत्या फिस्सकन हसली. तिच्या तोंडातला सॉसेज थेट गेनुसच्या बाहीवर गेला.

"तुला काय समजलं?" हिलारींनी विचारलं.

"ठसका लागला," आत्या म्हणाली.

हिलारी पुढे वाचायला लागले. मौज अशी, की भाषा न समजणारा हा माणूस एकाही शब्दाला अडखळत नव्हता. त्याचे हेल अगदी गोठ्यातल्यासारखे जात होते. "ईज पडो तुझ्या शिंगावर," ते म्हणाले आणि थांबले. कपाळाला आठी पडली. "शिंगावर न्हाई. शेपटीवर म्हंत्यात. आमच्या आईनं कायम शेपटीवरच म्हटलं."

हे ते साधीत म्हणाले. खणखणीत साधीत.

गेनुस छताकडे बघत होता. आत्या ओठ आवळून बसली होती, पण तिचं पोट गदागदा हलत होतं. हिलारींचा चेहरा बिटाच्या सुपासारखा झाला. आपलं सोंग आपल्याच तोंडाने उतरलं की माणसाला राग येतो तो समोरच्याचा, आणि तो आता आला.

"हा निव्वळ चिखल आहे," ते परत पोलिशवर चढून म्हणाले. "माझी अट आहे. आपल्या चिरंजीवांनी हे पुस्तक आत्ता, माझ्यासमोर, चुलीत टाकावं आणि पुन्हा या भाषेत लिहिणार नाही असं वचन द्यावं. नाहीतर बाटली मी उचलतो." त्यांनी बाटलीच्या गळ्याला हात घातला.

स्तेफ्काने आईकडे बघितलं. मार्सेलाबाई एका क्षणात "टाक रे" म्हणणार होत्या. खरंच म्हणणार होत्या. चार दिवस त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. पण हिलारींना अजून पोटभर अपमान करायचा होता, म्हणून त्यांनी शेवटचं पान काढलं.

"जाळण्याआधी हे रडगाणंही ऐका," ते म्हणाले आणि नाकात वाचायला लागले.

*कुठं निघालीस चिमणे अनवाणी,*
*वाट दलदलीची, बर्फ अजून गेलं न्हाई.*
*कोण घालंल तुला तिथं दूध-भाकर,*
*कोण इचारंल, पाय गार पडले का बाई.*

मार्सेलाबाई उठून उभ्या राहिल्या.

युस्तिंका गेली तेव्हा वसंत यायचा होता. विंत्सुसच्या पाठची, तीन वर्षांची लेक, तापाने गेली. नवरा पाद्रीला आणायला गेला होता. घरात प्रेतापाशी त्या एकट्याच होत्या, आणि त्यांच्या तोंडून हे निघालं होतं. विंत्सुस तेव्हा पाच वर्षांचा, चुलीच्या वर उबेसाठी बांधलेल्या माच्यावर झोपलेला. म्हणजे झोपला नव्हता तर.

"पुस्तक इकडं द्या," बाई म्हणाल्या. साधीत.

हिलारींनी दिलं. न देण्यासारखा तो आवाजच नव्हता.

"हे माझं हाय," बाई म्हणाल्या. "माझी युस्तिंका गेली तवा म्या म्हटलेलं. मला पोलिशमधी रडता येत न्हाई, हिलारीसाहेब. लई परयत्न केला पाद्रीबाबा आल्यावर. एक टिपूस आलं न्हाई. तुमची आई गेली तवा तुमी कशात रडला?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या नव्या मोज्यांनीच पुसत होत्या.

"पोरी," त्या स्तेफ्काला म्हणाल्या, "मला माफ कर. हे म्या जाळू देणार न्हाई."

स्तेफ्का रडत होती, पण तिने मान हलवली. हिलारींचा हात अजून बाटलीवर होता. आत्याने टेबलक्लॉथला नाक शिंकरलं, मग भावाची बोटं एकेक करून बाटलीवरून सोडवली, तळाला उरलेली वोडका स्वतःच्या घशात ओतली आणि बाटली मार्सेलाबाईंपुढे आपटली.

"भर गं राई," ती म्हणाली. "ह्याचं काय ऐकतीस. हा अजून झोपंत आईला हाका मारतोय, त्याबी साधीतच."

"मला यातला एकही शब्द समजलेला नाही," हिलारी पोलिशमध्ये म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले, मग परत चष्मा पुसला. पण बाटलीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मार्सेलाबाई कोठीत गेल्या. विंत्सुस मागोमाग आला आणि पोत्याचं तोंड धरून उभा राहिला. बाई मोजे काढून मुठीमुठीने बाटलीत दाणे सोडत होत्या. पुस्तक काखेत होतं. थोड्या वेळाने त्यांनी ते पोत्यावर उघडलं आणि त्या रडगाण्याचा शेवट वाचला, जो हिलारींनी वाचलाच नव्हता.

"हे पुढचं माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या तितंच थांबले हुते. तू वरून रडायला लागलास, भूक लागली म्हणून. मग तुला..."

"हो," विंत्सुस म्हणाला. "म्हणून पुढचं मी लिहिलं."

*दार उघडं हाय चिमणे, माघारी आलीस तर ये.*
*तुझ्या वाट्याचं दूध भावानं पिलंय, त्याला बोल लावू नगं.*

बाईंच्या हातातली राई जमिनीवर सांडली. त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ दाणे वेचत राहिल्या. विंत्सुसही वेचायला लागला. मग त्यांनी त्याचं डोकं दोन्ही उघड्या हातांनी धरून छातीशी दाबलं.

"तिनं बोल लावला नसता रे," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर लई जीव हुता तिचा."