ठिपका नसलेली वाडी

मित्रांनो, मी कचेरीच्या भिंतीवरचा एक जुना कापडी नकाशा आहे आणि गेली बारा वर्षं मी खोटं बोलतो आहे.

मला नळदुर्गच्या महालिंगप्पा पेंटरनं रंगवलं. धाराशिव जिल्ह्याचे आठ तालुके आखून तो जनगणनेची सरकारी यादी घेऊन बसला. घरात कन्नड बोलणारी शंभर माणसं म्हणजे एक लाल ठिपका. उमरग्यात ठिपक्यांची दाटी झाली, तुळजापूरच्या कडेला रांग लागली, भूम-परांड्याकडं सगळं कोरडं. मधेच महालिंगप्पाचा ब्रश थांबला. त्याच्या आजोळच्या कल्लूरवाडीपुढं शून्य होतं.

"अवो, तिथं कुत्र्यालाबी कन्नडात हाकलत्यात!"

"यादीत न्हाय म्हंजे न्हाय," कारकून म्हणाला. "तू रंगव गुमान."

मग मी भिंतीवर चढलो. काय माझा थाट! पाहुणे माझ्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. साहेब माझ्यावर छडी फिरवून ठरवायचे, ठिपका असेल तिथल्या बालवाडीला दोन्ही भाषा येणारी ताई, नसेल तिथं नाही. गावात जाऊन बघायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत. पुढं माझा कोपरा उंदरानं कुरतडला, अंगावर धूळ साचली, पण हुकूम माझाच चालायचा.

यंदा श्रावणात कल्लूरवाडीच्या शिवकांताबाई आल्या. कडेवर चार वर्षांची नात, भुवनेश्वरी.

"सायेब, बालवाडीची नवी ताई म्हणती पोरगी मुकी हाय, हजेरीपटातबी तसंच लिवलंय. घरी येऊन बघा, कोंबड्यांस्नी सुदीक बोलू देत न्हाय ही! आमाला कन्नड येणारी ताई द्या."

रणधीर साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "आजी, तुमच्या वाडीत कन्नड बोलणारं कुणीच नाही. गणतीवाल्याशी तुम्ही सगळे मराठीतच बोललात."

"बोललो की! दारी आलेल्या पावण्यासंगं त्येच्याच भाषेत बोलायचं, ही आमची रीत. घरात काय बोलता, हे त्यानं इचारलंच न्हाय. चाळीस घरांचा चहा पिला आन् चाळीस घरं पुसून गेला!"

एवढं बोलून बाई कन्नडात कडाडल्या. कडेवरची 'मुकी' पोरगीही आजीच्या जोडीनं हात नाचवत सुरू झाली. साहेब बावरले.

"आजी, मराठीत बोला!"

"त्या दिशी बोलले, तितंच चुकलं!"

साहेब म्हणाले, पुढच्या गणतीत बघू. पोरीनं तोवर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मला तोंड असतं तर मीच त्यांना झापलं असतं.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ झटका, असं मी मुळीच म्हणणार नाही. खोटा नकाशा जपून काय दिवे लावणार? उद्या तुमच्यातलं कुणी वही घेऊन कुणाच्या दारात गेलं, तर आधी विचारा आणि मगच लिहा. आणि कल्लूरवाडीच्या हजेरीपटात भुवनेश्वरीच्या नावापुढं 'मुकी' असं लिहिलंय, ते आजच खोडा. मला मग चुलीत घातलंत तरी चालेल.