लाल झाकणाचा डबा

डॉक्टरबाईंनी तांबूच्या कानामागचे केस बाजूला सारले आणि मोजायला सुरुवात केली. कानामागे अकरा, मानेखाली चौदा, शेपटीच्या मुळाशी तर बोट ठेवायलाही जागा नव्हती. एकवीस दिवस त्यांचा हाच उद्योग चालला होता: सोळा गाई आणि प्रत्येकीच्या अंगावरचे गोचीड. नवरा म्हणायचा, आता पोरांच्या डोक्यातल्या उवांचीही वही कर.

आज शेवटची मोजणी होती. ज्यांच्या औषधापायी हा सगळा खटाटोप, त्या मावशी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्या पाल्याचा काढा करून गुरांना चोळत आल्या होत्या. त्याने गोचीड झडतात, गोचीडताप जवळ फिरकत नाही, असं लोक शपथेवर सांगत. शपथेवर औषध चालत नाही, असं दूधसंघाचे मोठे साहेब म्हणाले आणि परीक्षा ठरली. खरं निघालं तर काढा संघाच्या प्रत्येक गोठ्यात जाणार होता. खोटं निघालं तर बाईने जन्मभर डोळ्यांत धूळ फेकली, असं म्हणायला लोक मोकळे.

परीक्षा चोख बेतली होती. चिठ्ठ्या टाकून आठ गाईंना पांढऱ्या झाकणाच्या डब्यातलं आणि आठ गाईंना लाल झाकणाच्या डब्यातलं चोळायचं. एकात काढा, दुसऱ्यात नुसतं पाणी. दोन्हींत तोच हिरवा रंग आणि तेच उग्र तेल. कशात काय, हे बंद पाकिटात होतं. डॉक्टरबाईंनाही त्याचा पत्ता नव्हता. चोळण्याचं काम मावशींकडे होतं. त्यांच्या स्वतःच्या तांबूच्या वाट्याला लाल डबा आला. बाराव्या दिवशी ती तापाने फणफणली, लघवी कॉफीसारखी झाली, आणि डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं देऊन तिला कशीबशी वाचवली. त्या दिवशीही मावशींनी लाल डबाच उचलला होता.

मोजणी संपली आणि पाकीट फोडलं. पांढऱ्यात काढा, लालमध्ये पाणी! पांढऱ्या डब्याच्या गाईंची अंगं जवळजवळ स्वच्छ होती. डॉक्टरबाईंना आनंद पोटात मावेना, पण मावशींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "काढ्याने बोटांना मुंग्या येतात. लाल डब्याने आल्या नाहीत."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. रंग झाकला, वास झाकला आणि बोटं विसरल्या! एवढं शिकून अक्कल कुठे गहाण ठेवली होती, कोण जाणे. चोळणाऱ्यालाच डबे ओळखू येत असतील तर साहेब ही वही उघडूनही बघणार नाहीत. मावशी गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. मग डॉक्टरबाईंना मान टाकून पडलेली तांबू आठवली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवलेला पांढरा डबा.

"मावशी, तिला पांढऱ्यातलं का नाही लावलंत?"

"हात शिवशिवत होते," मावशी म्हणाल्या. "पण चाळीस वर्षांत औषधाशिवाय ठेवलेली गाय मी एकदाही पाहिली नव्हती. माझंच खरं, असं नुसतं म्हणत आले. मलाही कळायला हवं होतं की."

आपल्याला एवढं जमलं असतं का, असं डॉक्टरबाईंनी स्वतःला विचारलं. मग मावशींनी सांगितलेलं जसंच्या तसं वहीत उतरवून खाली सही केली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मावशींनी मान डोलावली. फक्त चोळायला दुसरं कुणीतरी बघा, म्हणाल्या.

"तांबूला मात्र या खेपेला वगळू या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशींनी तांबूच्या बरगड्यांवरून हात फिरवला. तिने अजून अंग धरलं नव्हतं.

"नको. तिचीही चिठ्ठी टाका," त्या म्हणाल्या. "औषध माझं आणि पाण्यावर ठेवायला गाय दुसऱ्याची, हे बरं नाही दिसत."

डॉक्टरबाईंनी नवी वही उघडून पहिलं नाव तांबूचं लिहिलं.