नवं व्हर्जन अजून स्थिर नाही

गौरांगने बारा वर्षांपूर्वी एक टूल बनवलं होतं. अमरावतीतल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीची वीस-बावीस माणसं त्यावरच काम करत. दवाखान्याची नावनोंदणी असो की कॉलेजचा प्रवेश अर्ज, स्क्रीनचा कोड हाताने लिहायची गरज नसे. टूलमध्ये तयार तुकडे जुळवले की झालं. त्यामुळे कंपनीत गौरांगचा शब्द खाली पडत नसे. मालक रविकांत सर नव्या माणसाला सांगत, "हे आपले गौरांग. सगळं यांच्यावर उभं आहे."

ते टूल मात्र स्वतः एका वेब फ्रेमवर्कवर, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बांधून दिलेल्या तयार सांगाड्यावर उभं होतं. त्या फ्रेमवर्कचं नवं व्हर्जन येऊन दोन वर्षं झाली होती. जुन्याची डागडुजी डिसेंबरात बंद होणार, हेही जाहीर झालं होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारी, अपग्रेड कधी करायचं? गौरांग चष्मा पुसत म्हणे, "नवं व्हर्जन अजून स्थिर नाही. घाई नको." सगळे माना डोलावत.

खरी गोष्ट वेगळीच होती. नव्या व्हर्जनशी तो दोन दुपारी झटला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं. पंचेचाळिशीत, ज्याच्यावर सगळं उभं आहे त्याला कळलं नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. भीतीला त्याने सावधपणा म्हटलं आणि लोकांना ते पटलं.

अकोल्याच्या शाखेत अबोली काम करी. पातूरकडच्या शेतकरी घरातली, बोलायला रोखठोक. कोणी सांगितलं नसताना तिने चार महिने खपून अख्खं टूल नव्या व्हर्जनवर नेलं, आपल्या मशीनवर चालू ठेवलं आणि गौरांगला कळवलं, "सर, एकदा पाहून घ्या. चुका असतील तं सांगा."

गौरांगने ते उघडलं नाही. उघडून कळलं नाही तर काय, या धाकाने आज-उद्या करत राहिला. पुढच्या मीटिंगमध्ये रविकांत सरांनी विचारलं, "अबोलीचं काम पाहिलंत का?"

"पाहिलं," गौरांग म्हणाला. "हौशी काम आहे. पायाच चुकलाय. दवाखाने यावर नेले तर पस्तावू."

अकोल्याहून मीटिंगला जोडलेल्या अबोलीने स्क्रीनवरच्या चौकटीत तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," एवढंच म्हणाली. महिन्याभराने तिला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. गौरांगने तेही होऊ दिलं.

डिसेंबर उलटला. फेब्रुवारीत जुन्या व्हर्जनमध्ये एक भोक सापडलं. त्यातून कोणीही परका माणूस रोग्यांची माहिती वाचू शकला असता. आणि आता ते बुजवून द्यायला कोणी उरलं नव्हतं. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. रविकांत सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नव्या व्हर्जनवर जायचं. हे तुम्हीच करू शकता."

मंगळवार गेला, बुधवार गेला. गौरांगच्या हातून एक स्क्रीनही उघडेना. गुरुवारी सकाळी त्याने केबिनचं दार लावलं आणि अबोलीचं काम उघडलं.

ते पहिल्या फटक्यात चाललं. त्याने एकेक स्क्रीन तपासला. सगळं जागच्या जागी होतं. सोबत सत्तेचाळीस टिपणं होती, कुठला बदल कशासाठी केला ते साध्या मराठीत लिहिलेलं. पहिल्या टिपणात होतं : "गौरांग सरांची मूळ रचना हलवली नाही. ती चांगली आहे." तो वाचत गेला आणि त्याला सगळं कळत गेलं. तासाभराचं वाचन होतं.

ते टूल कोणाला न सांगता तिथल्या तिथे सर्व्हरवर चढवून मोकळं होता आलं असतं. तो विचारही त्याच्या मनात बराच वेळ घुटमळला. मग तो उठला, बडनेरा स्टेशनवर गेला आणि अकोल्याची गाडी धरली.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या त्या माडीवरच्या ऑफिसात तो पोचला, तेव्हा अबोली कुणाची तरी तक्रार लिहून घेत होती. तिने हेडफोन उतरवून खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"अबोली, तुझं काम मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. न पाहता खोटं बोललो."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "माह्या मशीनवर कोण आलं-गेलं त्याची नोंद राह्यते. तवा तुमी एकदाबी आले नव्हते."

गौरांग आता खुर्चीत बसला. "मग बोलली काहून नाही?"

"भर मीटिंगमदे तुमाले खोटं पाडू का? मले वाटलं, आठ दिवसांत तुमीच सांगसान. मंग महिना झाला. मंग मी वाट पाह्यनं सोडून देल्लं."

तिच्या आवाजात राग नव्हता. "माफ कर," तो पुटपुटला.

"ते राहू द्या. दवाखाने खोळंबून राहिले." तिने कीबोर्ड ओढला. "तुमी दवाखान्यांचं जुनं सांगा, मी ते नव्यावर लावते."

शुक्रवारी दुपारी काम पुरं झालं.

सोमवारी रविकांत सरांनी मीटिंगच्या सुरुवातीलाच गौरांगचं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत गौरांग गप्प राहिला. तेवढा वेळ आपण गप्प राहिलो हे त्याला पुढे फार दिवस खुपत होतं. मग त्याने सांगितलं. काम अबोलीचं आहे, ते न पाहता आपण नावं ठेवली, आणि नवं व्हर्जन स्थिर नाही म्हणत होतो तेव्हा आपल्याला ते कळत नव्हतं.

रविकांत सर हसले. "जाऊ द्या हो. निभावलं ना? पुढचा विषय घ्या."

"पुढचा नको, सर," गौरांग म्हणाला. "माझ्या खोट्यामुळे ही पोरगी आठ महिने फोन उचलत बसली."

दोन-चार जण खाली बघू लागले. अबोलीही त्याच्याकडे बघत नव्हती.

त्या आठवड्यात अबोलीचं फोनचं काम गेलं. अपग्रेड कधी करायचं हे आता तीच ठरवते. गौरांग दर गुरुवारी अकोल्याला जातो आणि तिच्या शेजारी बसून नवं व्हर्जन शिकतो. पहिल्या गुरुवारी तिने एक भाग समजावून विचारलं, "कळलं का, सर?"

"कळलं," तो सवयीने म्हणाला.

"मंग सांगा बरं."

त्याला सांगता येईना. बाजूच्या टेबलावरच्या दोघांचं टाइप करणं थांबलं होतं.

"नाही कळलं," तो म्हणाला.

अबोलीने पान वर सरकवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.