उजेडाची तलवार आणि घट्ट टोपण

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. हसू नका. आज मला सगळे तलवारीची मूठ म्हणतात, तीही साधीसुधी नव्हे, उजेडाच्या तलवारीची! पण माझा मूळ पत्ता बेसिनखालचा. अंग पितळेचं, वरून चकचकीत मुलामा. लोकांनी चूळ भरलेलं पाणी मी वर्षानुवर्षं निमूटपणे खाली पोचवलं. कौतुकाचा शब्द कुणी काढला नाही. तुंबलो की मात्र घरातल्या सगळ्यांना माझी आठवण यायची.

मग त्या घरात नवं बेसिन आलं आणि माझी रवानगी नळकाम करणाऱ्या एका गृहस्थांच्या पिशवीत झाली. त्यांना आपण बाबाच म्हणू, कारण त्यांच्या दोन्ही मुली तेच म्हणतात. बाबांच्या हातचा जोड कधी गळत नाही अशी त्यांची ख्याती. पाहुणे म्हणून कुणाकडे गेले आणि नळ टपकताना दिसला, तर हातातला कप बाजूला ठेवून आधी पाना मागणार. असा माणूस.

त्यांची धाकटी मुलगी मुंगी. खरं नाव वेगळं, पण अंगानं बारीक आणि सतत काहीतरी ओढून आणणारी, म्हणून घरात सगळ्यांची मुंगीच. शाळेच्या नाटकात दरवर्षी तिच्या वाट्याला पडद्याची दोरी यायची. पडदा उघडायचा, पडदा पाडायचा आणि घरी यायचं. यंदाच्या नाटकात मात्र एक अंधारी गुहा होती आणि गुहेवर पहारेकरी होता. मुंगीनं हात वर केला आणि सांगून मोकळी झाली, "मी पेटणारी तलवार आणीन."

नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, "खरंच पेटली तर पहारेकरी तू. नाही पेटली तर पहारेकरी गाळावा लागेल बघ. अंधारात नुसती काठी कुणाला दिसणार?"

म्हणजे मुंगीची सगळी मदार तलवारीवर आणि तलवारीची मदार माझ्यावर. बेसिनखालून निघालेल्या पाइपानं आणखी काय मागावं?

बाबांनी मला करवतीनं वीतभर कापलं, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या. एका टोकाला माझे मूळचे आटे होते, त्यावर फिरून बसणारं पितळी टोपण त्यांनी आपल्या डब्यातून शोधून दिलं. एवढं करून त्यांचं काम संपलं. पुढं तारांचं राज्य सुरू झालं, आणि तिथं सत्ता ताईची. ताई म्हणजे थोरली मुलगी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी. ती शेजारी बसून शिकवायची, पण तारेला हात लावायची नाही.

"ताई, तारेला कथिलाचा डाग तूच दे ना. माझा हात हलतो," मुंगी म्हणायची.

"हलू दे. मी केली तर ती माझी तलवार होईल. मग पहारा मी देऊ का?"

बिचारीच्या नाकी नऊ आले हो. पहिल्याच दिवशी दोन उघड्या तारा माझ्या आतल्या अंगाला टेकल्या, सेल तापले आणि जळका वास सुटला. मग ताईनं माझ्या पोटात जाड पुठ्ठ्याची नळी घालायला लावली, म्हणजे तारा पितळेला शिवणार नाहीत. त्या नळीत आधी एका मोडक्या खेळण्यातला घूं घूं करणारा छोटा स्पीकर बसला. त्यामागे बटणाच्या तारा, आणि मग एकामागोमाग एक तीन सेल. पुढच्या तोंडाला पारदर्शक नळी आणि तिच्यात इवल्या दिव्यांची पट्टी. सगळं बसलं, फक्त सेलच्या बुडापासून दिव्यांकडे परत जाणारी तार काही केल्या मावेना. ढकलली की तुटायची. मुंगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काढूनच टाक ती तार," ताई शांतपणे म्हणाली. "पाइप पितळेचा आहे ना? मग त्यालाच तार करू. टोपणात स्प्रिंग बसव. वीज स्प्रिंगमधून टोपणात जाईल, टोपणाच्या आट्यांतून पाइपात आणि पाइपातून परत दिव्यांना."

मित्रांनो, जन्मभर सांडपाणी वाहिलेल्या माझ्यासारख्याच्या अंगातून आता वीज वाहणार होती. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आणि मुंगीनं टोपण फिरवलं, बटण दाबलं, तशी निळी तलवार भर दुपारी लखकन उजळली. मुंगी नुसती माझ्याकडे बघत बसली.

बाबा रोज दारात उभे राहून हे बघायचे. "काही लागलं तर सांगा," म्हणायचे. काही लागायचं नाही. मग उगाच पान्याला तेल लावत बसायचे. आपल्या पोरीच्या एवढ्या मोठ्या कामात आपला वाटा वीतभर पाइप, ही गोष्ट त्यांना आतून लागत होती. ती मला कळत होती, मुलींना नव्हती.

शेवटी नाटकाचा दिवस उजाडला. दुपारी रंगीत तालीम, संध्याकाळी प्रयोग. सकाळी मुंगीनं नवे सेल घातले, तलवार पेटवून पाहिली आणि मला टेबलावर ठेवून ती अंघोळीला गेली. बाबा आले. त्यांनी मला मायेनं उचललं, टोपणाला बोट लावलं, आणि टोपण जरासं फिरलं. फिरणारच. ताईच्या सांगण्यावरून मुंगी ते बोटांनीच लावायची, कारण सराव संपला की सेल काढून ठेवायचे असत.

"अरेच्चा, हे तर सैल आहे," बाबा स्वतःशीच पुटपुटले. "तलवार नाचवताना उडालं म्हणजे? पोरीची शोभा होईल."

मला कळलं आता काय होणार. ओरडून सांगावंसं वाटलं, पण पाइपाला वाचा कुठली? बाबांनी पिशवीतून पांढरी टेप काढली, जी ते प्रत्येक नळाच्या आट्यांवर गुंडाळतात. माझ्या आट्यांवर तिचे भरपूर वेढे दिले, वर फटी बुजवणारा सफेदा चोपडला आणि टोपण पान्यानं करकचून आवळलं. थेंब गळणार नाही असा जोड! आट्यांवर आलेली टेप आणि सफेदा दोघांनी मिळून माझी आणि टोपणाची फारकत केली. पाणी अडवणाऱ्या वस्तूनं विजेची वाटही अडवली, हे बाबांच्या गावीही नव्हतं. बाहेर आलेला सफेदा पुसून, मला पुन्हा जागेवर ठेवून ते समाधानानं कामाला गेले.

दुपारी तालमीत दिवे मालवले. मुंगीनं मला उंच धरलं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. अंधारात कुणीतरी फिदकन हसलं. टोपण उघडायला ती धडपडली, पण बाबांचा जोड तिच्या बोटांना थोडाच दाद देणार?

"असू दे गं," बाई मऊपणे म्हणाल्या. "तू आपली पडद्याला बस. दोरी तुझ्याइतकी कुणालाच जमत नाही."

प्रयोगाआधी मुलांना थोडा वेळ घरी सोडलं होतं. मुंगीनं मला टेबलावर ठेवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. बाबा कामावरून येऊन हात धूत होते. ताई आली, तेव्हा मुंगी म्हणाली, "माझे डाग कच्चे होते. मला नाही जमत हे. यापुढं मी हात लावणार नाही."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. माझ्या पोटातला एकेक डाग पक्का होता, हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

ताईनं मला उचललं, टोपण फिरवून पाहिलं आणि थबकली. टोपणाच्या कडेला पांढऱ्या टेपचं टोक डोकावत होतं. तिनं बाबांकडे पाहिलं, मग मुंगीकडे. आणि म्हणाली, "माझंच काहीतरी सांगायचं राहिलं असेल."

बाबांना मूग गिळून बसता आलं असतं. ज्यांचा जोड जन्मात चुकला नाही, त्यांच्या नावाला धक्का लागला नसता. ते ओल्या हातांनीच पुढं आले.

"टेप मी लावली. सकाळी. सैल वाटलं म्हणून. टेपमुळं बिघडलं का?"

ताईनं होकाराची मान हलवली.

बाबांनी दोन पाने काढले. स्वतःचाच जोड त्यांना सुटेना. पाना सटकला, माझ्या अंगावर दोन लांब ओरखडे उठले, त्यांच्या कपाळावर घाम आला. टोपण निघालं, तेव्हा त्यांनी टेपचा एकेक धागा नखानं काढला, सफेदा फडक्यानं पुसला, आटे लख्ख केले. मग टोपण आणि मला मुंगीच्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "चल. बाईंशी मी बोलतो."

रंगमंचामागे सगळी मुलं नटून उभी होती. तिथं सगळ्यांच्या देखत बाबा म्हणाले, "बाई, पोरीनं तलवार बरोबर केली होती. बिघडवली मी. शिक्षा तिला नको."

बाई मुंगीकडे वळून म्हणाल्या, "पेटवून दाखव बघू."

मुंगीनं सेल आत सोडले. टोपण हातात घेतलं आणि ती थांबली. तिनं ते बाबांपुढं धरलं.

"तुम्ही लावा बाबा. फक्त बोटांनी."

बाबांनी हात पँटला पुसले. दोन बोटांत टोपण धरून त्यांनी ते हळूहळू फिरवलं, जिथं थांबलं तिथं थांबले. मुंगीनं बटण दाबलं. रंगमंचामागचा सगळा अंधार निळा झाला, आणि त्या उजेडात बाबा रडताना मला दिसले. त्या संध्याकाळी पडद्याची दोरी दुसऱ्या कुणीतरी ओढली.

आता मी म्हातारा झालो. मुलामा उडाला, पट्टीतले काही दिवे गेले. बरेच दिवस कपाटात पडून असतो, कधी शेजारची मुलं मागायला येतात तेव्हा बाहेर येतो. मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. खेळणं ठेवून देताना त्यातले सेल काढा, नाहीतर ते आतल्या आत पाझरतात आणि पोट कुरतडतात. आणि कुणाची काळजी वाटली, तर त्या काळजीचं टोपण उघडेल एवढी जागा ठेवा. फार आवळू नका. अति तिथं माती, मायेचंही तसंच आहे.

बाबा अजून माझं टोपण बोटांनीच लावतात. आणि लावण्याआधी मुंगीला विचारतात, "लावू का?"