फुलदाणीतली अदलाबदल

"चित्र झालं की मी निघणार," असं आल्या दिवशीच मी बाबांना बजावलं होतं. आईच्या बागेतली फुलं, दोन फुलदाण्या, एक कॅनव्हास, बास. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो आणि आमचं कधी धड पटलेलं नाही.

पण रोज सकाळी फुलदाणीत काहीतरी बदललेलं असायचं. काल रंगवलेला लाल डेलिया गायब आणि त्याच्या जागी पांढरी शेवंती. मग ओला तेलरंग सुरीने खरवडायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"बाबा, फुलांना हात लावू नका म्हणून शंभरदा सांगितलं!"

"सुकलं होतं गं. तुझ्या आईला सुकलेलं फूल चालायचं नाही."

"मला चालतं!" मी ओरडले. ते पेपरात तोंड खुपसून बसले.

आज मात्र हद्द झाली. दोन्ही फुलदाण्यांत एकही फूल नव्हतं, नुसत्या हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या हातातली कात्री हिसकावून घ्यायला मी तरातरा बागेत गेले आणि जागीच थांबले. सगळी झाडं भुंडी झाली होती. मधोमध बाबा कात्री घेऊन उभे होते.

"त्या कळ्यांचं मी काय करू?" माझा आवाज चिरकला.

"उमलतील की," माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले. "थोडे दिवस लागतील, एवढंच."