कनकाचा डावा हात

आपल्याकडे शिक्षकांच्या कार्यशाळेला जाणं आणि लग्नाला जाणं यात आता फारसा फरक राहिलेला नाही. वेळेवर हजर व्हायचं, चार ओळखीच्यांना भेटायचं, यजमानाची वाहवा करायची, जेवायचं आणि पिशवी घेऊन घरी यायचं. श्रीरंजनी टीचर अशा सहा कार्यशाळा करून आली होती. सहाही प्रमाणपत्रं तिनं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवली होती. आणि अपूर्णांकानं भागताना तो उलटा करून का गुणायचं, हे तिला पहिल्या कार्यशाळेआधी ठाऊक नव्हतं, ते सहावीनंतरही ठाऊक नव्हतं.

हसू नका. तुमच्यामाझ्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, ते आधी मनाला विचारून बघा.

चेन्नईत अण्णा नगरातल्या एका बेताच्या खासगी शाळेत श्रीरंजनी पाचवीला गणित शिकवायची. माहेर तंजावरचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तमिळमिश्रित मराठी, आणि पदवी इतिहासाची. बारा वर्षांपूर्वी गणिताच्या बाई भर सत्रात नोकरी सोडून गेल्या, तेव्हा हेडमिस्ट्रेसनी हिच्या हातात खडू दिला. पाचवीचंच तर आहे, त्यात काय एवढं, असं त्या म्हणाल्या. मला येत नाही, असं म्हणायची ती एकच वेळ होती आणि श्रीरंजनीनं ती घालवली. त्यानंतर रोज थोडं थोडं झाकत जावं लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना! मूठ झाकून झाकून बोटं आखडली तरी ती उघडायची सोय राहिली नाही.

आता त्या शाळेतली एक रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशीच अडली आहे. तपासणीला कोणी आलं की वर्गातल्या प्रत्येक मुलानं हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा आणि ज्याला येत नाही त्यानं डावा. पाहुण्यांना चाळीसच्या चाळीस हात वर दिसतात, टीचर उजव्यांनाच तेवढं विचारते, आणि शाळेचं नाव होतं. ही युक्ती हेडमिस्ट्रेसची. पण श्रीरंजनीला ती इतकी सोयीची वाटली की तिनं ती रोजच्या वर्गातही लावली. डाव्या हातांना विचारायचं नाही, म्हणजे वेळ वाचतो. असं करता करता वर्गात उजव्या हाताची मुलं आणि डाव्या हाताची मुलं अशा दोन जातीच पडल्या. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

कनका जुलैपर्यंत उजव्या हाताची होती. शाळेच्या फाटकापाशी फुलं विकणारी वसंता, तिची ही मुलगी. वडील श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात पाळीवर. पोरगी चुणचुणीत. जुलैत फळ्यावर उदाहरण झालं, सहाला अर्ध्यानं भागा, उत्तर बारा. कनका उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, भागल्यावर तर कमी व्हायला पाहिजे. वाढलं कसं?"

श्रीरंजनीच्या पोटात गोळा आला. बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आणि माणसाला उत्तर येत नसलं की राग फार लवकर येतो. ती कडाडली, की नियम आहे तो, नियमाला का म्हणून विचारायचं नसतं, आणि एवढं साधं कळत नसेल तर उद्यापासून डावा हात वर कर. पोर खाली बसली. त्या दिवसापासून तिनं डावा हात वर केला तो केलाच. सप्टेंबरात ती काठावर पास झाली, डिसेंबरात नापास. हळूहळू इतर विषयांतही घसरली आणि वर्गात बोलेनाशी झाली.

मार्च उजाडला. दोन हजार चार साल होतं ते. सहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून पाचवीतल्या कच्च्या मुलांच्या हातात दाखला ठेवून त्यांना वाटेला लावायची शाळेची पद्धत होती. त्या वर्षीच्या कागदावर एकच नाव होतं, कनका. खाली वर्गशिक्षिकेची सही हवी होती, सोमवारच्या आत. त्यातच हेडमिस्ट्रेसनी शुक्रवार-शनिवारी प्राथमिक गणिताच्या शिक्षकांची कार्यशाळा आपल्या शाळेत घ्यायचं ठरवलं. शनिवारी संस्थेच्या मंडळींसमोर आदर्श पाठ व्हायचा होता, तो श्रीरंजनीकडे आला. पाठ कुठला, तर अपूर्णांकांचा भागाकार. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच असावी.

शुक्रवारी शिकवायला आले ते राममूर्ती सर. सत्तरीचे, खांद्यावर कापडी पिशवी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, की सहाला अर्ध्यानं भागलं तर बारा का, हे कोण समजावून सांगेल? हॉलमध्ये तीस शिक्षिका होत्या. तीसच्या तीस हात वर गेले! श्रीरंजनीचाही गेला. सरांनी सगळ्या हातांवरून सावकाश नजर फिरवली, कोणालाच विचारलं नाही आणि पुढे गेले. "सुटले बाई," असं ती मराठीत पुटपुटली. सर शेजारूनच चालले होते. ते थांबले आणि तंजावरच्या जुन्या मराठीत हळूच म्हणाले, "कशातून सुटलीस, बाळ?" आपली भाषा त्या हॉलमध्ये कोणाला कळेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती लाजेनं अर्धी झाली.

साडेतीनला कार्यशाळा सुटली. उद्याच्या पाहुण्यांसाठी सहा मुळम मल्ली सांगून ठेवावी म्हणून ती फाटकापाशी गेली. मल्ली म्हणजे मोगरा, आणि मुळम म्हणजे तिथलं फुलं मोजायचं माप, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात. वसंतानं ऑर्डर घेतली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं सांगितलं ते असं. सकाळी ती पोरीला घेऊन देवळात गेली होती. पुजाऱ्यानं कुंकू पुढे केलं तर कनकानं डावा हात पसरला. पुजारी ओरडला, लोक बघायला लागले. वसंतानं तिथंच पोरीच्या मुस्काटीत दिली.

"मिस, ती रडलीसुद्धा नाही हो," वसंता म्हणाली. "मला म्हणते, अम्मा, मी डाव्या हाताचीच आहे. मिसना विचार. मिस, माझी मुलगी उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं लिहिते. ती असं का म्हणते?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते श्रीरंजनीला त्या फाटकात कळलं. वसंताला दाखल्याच्या कागदाचा अजून पत्ताही नव्हता. उलट तिनं टीचरच्या केसांत माळायला मुळमभर मल्ली वर दिली आणि पोरीकडे तेवढं लक्ष ठेवा म्हणाली.

घरी जायच्याऐवजी श्रीरंजनी पुन्हा हॉलमध्ये आली. राममूर्ती सर एकटेच फळा पुसत होते. ती पहिल्या बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग जुलैपासूनचं सगळं सांगितलं, डावा-उजवा हात सांगितला, पर्समधला कागद दाखवला. "सर, मी एका लेकराचं डोकं मारून टाकलं," ती म्हणाली. "मला गणित येत नव्हतं म्हणून. आता काय करू? सही केली तर तिचा जीव जातो, नाही केली तर माझी नोकरी."

सरांनी डस्टर ठेवलं. सांत्वन वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "येत नव्हतं हा गुन्हा नाही, बाळ. कोणालाच सगळं येत नाही. तुला येत नव्हतं ते तू तिच्या अंगावर टाकलंस, हा गुन्हा. आज सकाळी तीस हात वर झाले. त्यांतले किती खरे होते, सांग बघू?"

तिनं कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

"आपणच डावा हात लपवतो, मग मुलांना काय शिकवणार?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी शिक्षकांना शिकवत फिरतो आहे. मला येत नाही असं म्हणणारी एक बाई मला भेटली नाही. सगळ्यांना सगळं येतं. नापास होतात ती फक्त मुलं."

"मग बाराचं उत्तर तुम्ही सांगा. उद्या तेवढं तरी नीट शिकवते."

"सांगेन. आत्ता सांगितलं तर उद्या तू तेही पाठ म्हणशील." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "ज्या मुलीनं विचारलं तिच्याकडेच जा. तिचा प्रश्न तिला परत दे."

म्हाताऱ्याचा तिला रागच आला. ती घरी गेली आणि वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. डोळ्यांपुढे पसरलेला एक डावा हात काही हलायला तयार नव्हता.

शनिवारी वर्ग झाडून पुसून लख्ख. मागे संस्थेची मंडळी आणि तीस शिक्षिका. टेबलावर केळीच्या पानात पाहुण्यांसाठी मल्लीचा लांबलचक गजरा. हेडमिस्ट्रेसनी सकाळीच बजावलं होतं, की कनकाला शेवटच्या बाकावर बसव आणि ती काही बोलणार नाही एवढं बघ. श्रीरंजनीनं फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि प्रश्न विचारला, की उत्तर बारा का येतं? चाळीस हात सपकन वर गेले. मागून कौतुकाची कुजबुज झाली. पहिल्या बाकावरचा पढवलेला मुलगा तर उठायच्याच बेतात होता. आणि शेवटच्या बाकावर, इतर सगळ्या हातांच्या मागे, कनकाचा डावा हात वर होता.

श्रीरंजनीला पढवलेल्या मुलाचं नाव घेता येईना. हेडमिस्ट्रेस खाकरल्या. तिनं खडू खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत स्वतःचा डावा हात वर केला!

मोठ्यांना काही कळलं नाही. मुलांना मात्र तत्क्षणी कळलं.

"मला येत नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं शिकवते आहे, पण बारा का, ते मला येत नाही. जुलैमध्ये कनकानं मला हेच विचारलं होतं. तिचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तिला रागावले. कनका, चूक माझी होती. मला माफ कर, आणि इकडे ये."

कनका आली ती मान खाली घालूनच. आता मार बसणार अशीच तिची समजूत असावी. सगळ्या वर्गाच्या नजरा तिच्यावर. श्रीरंजनीला पुढे काय करायचं ते सुचेना. फळ्यावरच्या आकड्यांकडे बघून काही होत नव्हतं. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या गजऱ्यावर गेली. तिनं विचारलं, "ही सहा मुळम फुलं आहेत. अम्मा अर्धा अर्धा मुळम विकायला बसली तर किती गिऱ्हाइकांना पुरतील?"

पोरीनं गजरा उचलला. विचार केला नाही, रोज संध्याकाळी आईशेजारी बसून करते तेच केलं. डावा हात पुढे धरला, उजव्यानं गजरा त्यावर कोपरापासून बोटांपर्यंत ताणला, आणि प्रत्येक मुळमाला मध्ये दुमडून दोन दोन मोजत गेली. तोच डावा हात! आठ महिने जो हात ढ म्हणून वर होत होता, तो तिच्या घरचं माप होता, आणि हे शाळेत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बारा, मिस," ती म्हणाली. मग थांबली. गजऱ्याकडे बघत राहिली. "मिस, फुलं वाढली नाहीत. फुलं तेवढीच आहेत. तुकडे लहान झाले, म्हणून जास्त झाले."

श्रीरंजनीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. बारा वर्षांनी तिला कळलं, आणि कोणाकडून कळलं! मागे राममूर्ती सर खाली मान घालून चष्मा पुसत होते. तीस शिक्षिकांमधल्या एकीनं, मग दुसरीनं, मग आणखी चौघींनी हळूच डावा हात वर केला. हेडमिस्ट्रेस उठून बाहेर निघून गेल्या.

सोमवारी तो कागद सहीविना त्यांच्या टेबलावर गेला. खूप बोलणी बसली. पुढच्या वर्षी पाचवी काढून घेऊ, असंही ऐकवलं गेलं, आणि तसंच झालं. सातवं प्रमाणपत्र श्रीरंजनीच्या फोल्डरमध्ये आलंच नाही. पण संस्थेच्या लोकांनी तो पाठ डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे सहीविना कोणाला दाखला देता आला नाही. कनका सहावीत गेली.

माझ्या बंधुभगिनींनो, तुम्ही घरात आईवडील असा, कचेरीत साहेब असा की शाळेत मास्तर, ज्या दिवशी आपल्याला आपल्या हाताखालच्यांसमोर मला येत नाही असं म्हणता येईल, त्या दिवसापासून त्यांना शिकता येईल. आपलं झाकलेलं अज्ञान नाहीसं होत नसतं. ते आपल्यापेक्षा लहान कोणाच्या तरी माथी बसतं, आणि तो बिचारा ते जन्मभर आपलंच समजून वागवतो.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. पाठ संपला, घंटा झाली, मुलं दप्तरं आवरू लागली, तरी कनका आपल्या बाकापाशी उभीच होती. तिनं हात वर केला होता, उजवा. श्रीरंजनीला वाटलं, हिला पुन्हा उत्तर सांगायचं असेल.

"मिस," ती म्हणाली, "तुकडे आणखी लहान, आणखी लहान करत गेलं, तर आकडा वाढतच जाईल. मग तो संपणार कुठे?"

"मला माहीत नाही गं," श्रीरंजनी म्हणाली. या वेळी तिच्या पोटात गोळा आला नाही. "बस. आपण दोघी शोधू."