न फाटणारं जाळं

“ताई, हे जाळं आहे की रणगाडा!” ट्रॉलरमालक धक्क्यावरूनच ओरडला. “पोवळ्यांच्या खडकावरून ओढलं, एक भोक नाही!”

जाळी विणणारी ताई अशी फुलली, की विचारू नका. युक्ती तिचीच होती ना! पूर्वी तळ खरवडत जाणारं जाळं त्या खडकात अडकून टराटरा फाटायचं, म्हणून ट्रॉलर तिकडे फिरकत नसत. ताईने खालच्या दोराला जुन्या टायरच्या चकत्या बांधल्या आणि जाळं खडकावरून गडगडत निघालं. सगळ्या बंदरात तिचं नाव झालं.

“सरकारने आज तिथे बंदीचे लाल बोये तरंगत सोडले, तर सोडू देत. पलीकडचा खडक आहेच. अजून एक जाळं करा!” म्हणत मालक गेला.

तिने जाळं झटकलं. पोवळ्यांच्या गुलाबी फांद्यांचे तुकडे खडखड पडले. एक उचलला, तर बोटांना बुळबुळीत लागला. म्हणजे सकाळपर्यंत जिवंत होता.

तेवढ्यात समोरून दादा येताना दिसला. तिचा थोरला भाऊ, जन्मभर त्याच खडकापाशी गळ टाकून जगलेला. तिने घाईघाईने तुकडे गोणपाटाखाली सारले आणि वर फतकल मारली.

“काय बारके, अंडी उबवतेस?”

“आज गेला नाहीस?”

“कुठे जाऊ? पोवळी मोडली म्हणून खडक राखीव झाला. तिथे ट्रॉलर बंद, माझा गळही बंद.”

“मग पोवळी परत येतील ना रे?”

“येतील की. वर्षाला पेरभरसुद्धा वाढत नाहीत म्हणे. तुझी पतवंडं बघतील.” तो हसला. “जाळी फाटायची ना, तेच खरं कुंपण होतं बघ.”

ताईला तोंड वर करवेना. दादा घसा खाकरून म्हणाला, “मालक तुझं ऐकतो. मला ट्रॉलरवर घे म्हणावं. मासे निवडायला तरी.”

आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला दादा!

“सांगते,” ती कसंबसं म्हणाली.

“सरक जरा, चार चकत्या मीही बांधतो.”

ती तसूभर हलली नाही. दादा ओल्या फरशीवरच बसला. नव्या जाळ्याचा दोर ओढून त्याने तिची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली.

“पक्की बसलीय गं. कुणी शिकवली?”

“तूच.”

“मग सुटायची नाही,” तो खूश होऊन म्हणाला आणि पुढची चकती ओवायला लागला.

गोणपाटाखालची टोकं तिच्या मांडीत रुतत होती. ती तशीच बसून राहिली.